रातना, ताहुपोतिकी विरेमू

(२५ जानेवारी १८७३–१८ सप्टेंबर १९३९). न्यूझीलंडमधील माओरी धर्मसंस्थापक. उत्तर बेटावर वांगानुईच्या परिसरात शेती करणारे रातना वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत देशाला अपरिचित होते. १९१८ च्या इन्फ्ल्युएंझाच्या साथीत माओरींचा मृत्युदर गोऱ्यांच्या सुमारे आठपट होता. रातना यांचे अनेक आप्त तिला बळी पडले. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्यांना दृष्टान्त झाला. तेव्हापासून अनुयायी त्यांना ‘मांगाई’ म्हणजे ईश्वराचे मुख मानू लागले. त्यांच्या प्रार्थनेने रोग बरे होतात अशी ख्याती पसरून लोक लोटले आणि शेताच्या जागी ‘रातना पा’ हे गाव उभे राहिले. मांत्रिकांचे भय सोडा, टोळ्यांचे भेद विसरा, ही त्यांची शिकवण होती. आपल्या अनुयायांना ते ‘मोरेहू’ म्हणत. म्हणजे मागे उरलेले. साथीत आणि जमिनीच्या लुटीत होरपळलेल्या समाजाला हे नाव किती मनाला भिडले असेल!

१८४० च्या वाइतांगी करारात ब्रिटिश राजसत्तेने माओरींना त्यांच्या जमिनींची हमी दिली होती, तरीही पुढे जप्ती व खरेदी यांमुळे त्यांच्या बहुतेक जमिनी गेल्या. हे गाऱ्हाणे घेऊन रातना १९२४ मध्ये लंडनला गेले. राजा पाचव्या जॉर्जची भेट नाकारण्यात आली. १९२५ मध्ये त्यांचे स्वतंत्र चर्च स्थापन झाले. त्यांच्या प्रार्थनेतील देवदूतांच्या उल्लेखाला अँग्लिकन धर्माधिकाऱ्यांनी आक्षेप घेतला.

१९२८ मध्ये आध्यात्मिक कार्य पुरे झाल्याचे सांगून ते ऐहिक कार्याकडे वळले. संसदेत माओरींसाठी चार राखीव जागा होत्या. त्या चारही जिंकायच्या, असा त्यांचा संकल्प होता. १९३२ च्या पोटनिवडणुकीत त्यांचे अनुयायी एरुएरा तिरिकातेने दक्षिण माओरी मतदारसंघातून निवडून आले. वाइतांगी कराराला कायद्यात स्थान द्यावे, अशी तीस हजारांहून अधिक सह्यांची मागणी तिरिकातेने यांनी संसदेपुढे ठेवली.

२२ एप्रिल १९३६ रोजी रातना यांनी लेबर पक्षाचे पंतप्रधान मायकेल जोसेफ सॅव्हेज यांची भेट घेऊन त्या पक्षाशी युती केली. त्यांच्यापुढे ठेवलेल्या वस्तूच बोलक्या होत्या. बटाटा होता, पण तो पिकवायला माओरींकडे जमीन उरली नव्हती. आजोबांचे घड्याळ बंद पडले होते आणि दुरुस्तीला पैसा नव्हता. हिरव्या पाषाणाचे पदक माओरी प्रतिष्ठेचे, तर हुइया पक्ष्याची पिसे माओरी जनतेचे प्रतीक होती. हे सारे सॅव्हेज यांनी सावरले, तर तारा व चंद्रकोर असलेले चर्चचे पदक मिरवण्याचा मान त्यांचा. १९४० मध्ये सॅव्हेज यांच्याबरोबर या वस्तू दफन करण्यात आल्या.

१९४३ मध्ये रातना यांचे अनुयायी तियाकी ओमाना यांनी अपिराना न्गाता यांच्यासारख्या मातब्बर नेत्याचा पराभव केला आणि चौथी जागाही मिळाली; हा विजय पाहायला रातना हयात नव्हते. १९४६ मध्ये लेबरला ४२ व विरोधी नॅशनल पक्षाला ३८ जागा मिळाल्या, म्हणजे बहुमताचे सारे अंतर या चार जागांइतके होते. १९४९ मध्ये रातना यांची सून इरियाका पहिली माओरी महिला खासदार झाली.

मात्र एवढ्या वजनाच्या मानाने पदरात पडलेले थोडे होते. सामाजिक सुरक्षेत माओरींना वाटा मिळाला. करार तसाच राहिला. करारभंगाच्या तक्रारी तपासणारे वाइतांगी न्यायाधिकरण उभारणारा कायदा १९७५ मध्ये आला, आणि तो आणणारे मंत्री मातिऊ राता हे रातना चर्चमधूनच घडलेले होते. चारही जागांवरील लेबरची पकड १९९३ मध्ये सुटली. तरीही दरवर्षी रातना यांच्या जन्मदिनाच्या सुमारास पंतप्रधान व विरोधी नेते रातना पा येथे हजेरी लावतात.