मोहफुलं पावसाळ्यात बुरशीपासून कशी वाचवायची?

चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचली जातात. तेव्हा सगळ्यांचा माल एकदम बाजारात येतो आणि भाव पडतो. पावसाळ्यात भाव बरा मिळेल म्हणून अनेक कुटुंबं माल घरी ठेवतात. पण पोतं उघडलं की फुलं काळी पडलेली, चिकट आणि कुबट वासाची निघतात. हे नुकसान पावसाळ्यात दिसत असलं तरी त्याची सुरुवात एप्रिलमधल्या वाळवणीतच होते.

बुरशी का येते?
ताज्या फुलात साधारण तीन चतुर्थांश पाणी असतं. सुकलेल्या फुलात निम्म्याहून जास्त साखर असते आणि ती हवेतली ओल ओढते. जमिनीवर पडलेल्या फुलाला मातीतली बुरशीही चिकटते.

वेचताना
झाडाखाली पालापाचोळा जाळू नका, त्यातून वणवा लागतो. झाडाखाली जाळी किंवा स्वच्छ कापड बांधलं तर फूल मातीत पडत नाही.

वाळवताना
– स्वच्छ ताडपत्रीवर पातळ थर पसरा आणि दिवसातून दोन-तीनदा हलवा.
– रात्री दव आणि अवकाळी पावसापासून झाका.
– साडेतीन ते चार किलो ओल्या फुलांची साधारण एक किलो सुकी फुलं होतात. वजन यापेक्षा जास्त भरलं तर अजून ऊन द्या.
– मूठभर फुलं पारदर्शक बाटलीत घालून झाकण लावा आणि दोन-तीन तास उन्हात ठेवा. आतून वाफ धरली तर माल ओला आहे.

साठवताना
– फुलं पूर्ण थंड झाल्यावरच भरा.
– घट्ट झाकणाचा कोरडा प्लास्टिक ड्रम उत्तम. पोतं वापरायचं तर आत जाड प्लास्टिकची पिशवी घाला.
– पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा.
– पावसाळ्यात भर पावसात झाकण उघडू नका. कडक ऊन पडेल त्या दिवशी तपासा आणि गरज वाटली तर पुन्हा वाळवा.

हे करू नका
धान्यात ठेवतात ती विषारी गोळी (अॅल्युमिनियम फॉस्फाईड) मोहफुलात टाकू नका. ती किड्यांसाठी आहे, तिने बुरशीचा बंदोबस्त होत नाही. राहत्या घरात तिचा वायू जीव घेऊ शकतो.

बुरशी आलेली फुलं चांगल्या मालात मिसळू नका, खाऊ नका, बैलांनाही घालू नका. काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते यकृताला घातक असतं आणि शिजवूनही जात नाही. असा माल जमिनीत पुरून टाका.