मोट, मोटार आणि सातबारा

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात विद्यार्थ्यांनी मोटेवरच्या गाण्यांचा कार्यक्रम बसवला होता. रंगमंचावर पुठ्ठ्याची विहीर, तपकिरी रेक्झिनची मोट, घोंगडी पांघरून बैल झालेली दोन पोरे. कार्यक्रम संपल्यावर एक सहकारी प्राध्यापक गहिवरून म्हणाले, "मोट गेली आणि खेड्यातले गाणेच गेले." मी काही बोललो नाही. ज्या घरात मोट बनत होती त्या घरातला मी. आमच्या घरी मोटेचे गाणे कुणी म्हणत नसे. मोटेचा विषय निघाला की आजी नाकाला पदर लावी, आणि तेव्हा मोट घरातून जाऊन वीस वर्षे उलटली होती.

आम्ही ढोर. अनुसूचित जातींच्या यादीत ढोर, कक्कय्या अशी आमची नावे आहेत. गंगाखेड तालुक्यात गोदाकाठच्या एका गावात आमची दोन घरे होती. मोट म्हणजे काय हे आज वर्गात समजावून सांगावे लागते, म्हणून इथेही थोडक्यात सांगतो. विहिरीच्या तोंडावर लाकडी चाक, चाकावरून जाड नाडा, नाड्याला कातड्याची मोठी पिशवी. बैल धावेवरून उताराला चालत गेले की भरलेली मोट वर येते, आणि खालची सोंड बारक्या सोलाने ओढून धरलेली असते ती थारोळ्यात मोकळी होते. पाणी थारोळ्यातून पाटात, पाटातून पिकात. हे यंत्र शेकडो वर्षे चालले आणि त्याचा प्रत्येक भाग जातीत वाटलेला होता. चाक-कणा सुताराचा, नाडा आणि सोल मांगाचा. मेलेले जनावर महाराने ओढायचे. कातडे आम्ही कमवायचे आणि मोट आम्हीच शिवायची. हाकणारा कुणबी किंवा त्याचा सालगडी. बाबासाहेबांनी ज्याला प्रतवारीची विषमता म्हटले ती समजून घ्यायला माझ्या विद्यार्थ्यांना मी मोटेचे चित्र फळ्यावर काढून देतो.

कातडे कमावणे म्हणजे काय, हे गाण्यात येत नाही. चुन्याच्या खड्ड्यात कातडे मुरवायचे, केस खरवडायचे, मग ते पखालीसारखे शिवून टांगायचे आणि आत बाभळीच्या सालीचा व हिरड्याचा काढा भरत राहायचा. दिवसचे दिवस. चुन्याने आज्याची नखे गेली होती. या कामाचा मोबदला सुगीला खळ्यावर मिळे, सुपाने, आणि सूप किती भरायचे ते देणाऱ्याने ठरवायचे.

आता मुख्य गोष्ट. ही मोट विहिरीत जाई. दिवसभर शंभर वेळा पाण्यात बुडून वर येई. मेलेल्या जनावराचे कातडे, आमच्या हातांनी कमावलेले, आमच्या दोऱ्याने शिवलेले. त्या पाण्याने कुणी बाटले नाही. पण नवी मोट पोचवायला गेलेला आजा तहान लागली तर धावेच्या खाली उभा राही आणि कुणी वरून ओंजळीत पाणी ओतील याची वाट पाही. थारोळ्याला हात लावायचा नाही. कातडे चालत होते, कातडे कमावणारा चालत नव्हता. लहानपणी मी त्याला विचारले होते, "मंग तुमाला राग येत नव्हता का?" तो म्हणाला, "राग यायला बी पोट भरलेलं लागतंय, लेकरा."

आमचे अभ्यासक महाडपासून सुरुवात करतात आणि ते योग्यच आहे. पण गंगाखेड मुंबई इलाख्यात नव्हते, हे विसरून चालणार नाही. १९२३ चा बोले ठराव, १९२७ चे चवदार तळे, १७ मार्च १९३७ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल, ह्या साऱ्या घटना निजामाच्या हद्दीपलीकडच्या. आमच्याकडे बातमी आली असेल, कायदा आला नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी संपली, १९५० साली संविधान आले आणि १ जून १९५५ पासून अस्पृश्यता गुन्हा कायदा लागू झाला. विहिरीवर जाण्यास मनाई करणे हा या कायद्याने गुन्हा ठरवला. म्हणजे गोदावरीच्या काठी राहणाऱ्या माझ्या आज्याला विहिरीचा कायदेशीर हक्क मिळाला तेव्हा तो तीस वर्षांचा बाप्या होता. आणि त्यानंतरही तो विहिरीवर गेला नाही. गुन्हा नोंदवायचा तो पोलीस पाटलाकडून जाऊन, आणि सुगीचे सूपही त्याच वाड्यातून भरायचे.

इथे एक जुना वाद आठवतो. मार्क्सने १८५३ साली लिहिले होते की रेल्वेतून येणारा आधुनिक उद्योग जातीचा पाया असलेली वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडून टाकील. आपल्यातल्या डाव्या मित्रांनी हे वाक्य फार काळ उराशी धरले. उलट बाजूला गांधीवाद्यांनी यंत्राला दोष दिला आणि चामड्याच्या कामाला सेवेचा टिळा लावला; वर्ध्याजवळ नालवाडीला त्यांनी चर्मालयही चालवले. हेतू चांगला असेल. पण आमच्या आज्याला कातडे अधिक शास्त्रीय पद्धतीने कमवायचे नव्हते, त्याला ते कमवायचेच नव्हते. बाबासाहेबांची भूमिका या दोहोंहून निराळी होती. १९४५ च्या काँग्रेस-गांधींवरील ग्रंथात ते यंत्राच्या बाजूने उभे राहतात आणि सांगतात की यंत्राचा लाभ सर्वांना मिळत नसेल तर यंत्र टाकायचे नाही, समाजाची रचना बदलायची. हे नुसते पुस्तकी बोलणे नव्हते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात ते मजूर सदस्य होते; वीज आणि पाटबंधारे हे विषय त्यांच्याकडे होते. केंद्रीय पातळीवर वीज आणि जलनियोजनाच्या संस्था त्या काळात उभ्या राहिल्या. आणि लगेच १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी मागणी केली की शेती हा राज्याचा उद्योग व्हावा, जमीन राज्याची व्हावी आणि ती जातपात न पाहता गावकऱ्यांना कसायला द्यावी. वीज आणि जमीन या दोन गोष्टी त्यांनी एकत्र पाहिल्या होत्या. देशाने पहिली घेतली, दुसरी सोडून दिली. पुढे माझ्या गावात जे घडले ते या सोडून देण्यात आहे.

पण आधी आमच्या घरातली एक चूक सांगितली पाहिजे, कारण या पानांवर आपण फक्त दुसऱ्याच्या चुका लिहिणार असू तर लिहूच नये. १९२७ च्या महाड परिषदेपासून मृत जनावरे ओढू नका, मृतमांस खाऊ नका हा संदेश होता. १९५६ च्या धर्मांतरानंतर आमच्या गावच्या महारवाड्याने ते काम सोडले. गावाने त्यांची मजुरी बंद केली, गुरे चारायला बंदी केली. अशा वेळी आमच्या घराने त्यांच्या बाजूने उभे राहायला हवे होते. आज्याने त्यांना शिव्या दिल्या. कातडे येईना म्हणून. चार पायऱ्यांच्या जिन्यात वरच्या पायरीवरच्याला खालच्याची बंडखोरी आपल्या पोटावर आल्यासारखी वाटते; ती पायरीच ढासळते आहे हे दिसत नाही. काही वर्षे आज्याने स्वतः जनावरे ओढली. महारवाड्यातल्या एका म्हाताऱ्याने त्याला वाटेत थांबवून विचारले होते, "दादा, आमी सोडलं ते तुमी उचललं व्हय?" हे आजा मला सांगे तेव्हा त्याचा आवाज खाली जाई.

मोट आज्याने सोडली नाही, मोटेने आज्याला सोडले. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ ची. साठच्या दशकात डिझेल इंजिन आमच्या गावात पहिल्यांदा फटफटले. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. १९७१ साली शेजारच्या परळीला औष्णिक वीजकेंद्राचा पहिला, तीस मेगावॅटचा संच सुरू झाला. मग बहात्तरचा दुष्काळ. बैल मेले, विकले गेले. दुष्काळानंतर विहिरी खोल झाल्या आणि त्या खोलीला मोट पुरेना. दोन-चार वर्षांत सगळ्या विहिरींवर विजेची मोटार बसली. आज्याने शेवटची मोट शिवली ती कुणी नेलीच नाही.

मोटार लोखंडाची. तिला जात नाही, वास नाही. मी त्या यंत्राचा ऋणी आहे. ते आले नसते तर मी आज फळ्यावर मोट काढत नसतो, चुन्यात हात घालून बसलो असतो. म्हणून गहिवरणाऱ्या प्राध्यापकांशी माझे भांडण आहे. पण यंत्र आले की जात जाईल म्हणणाऱ्यांशीही आहे. कारण मोटार विहिरीवर आली ती आपोआप आली नाही, कागदावर बसून आली. वीजजोडणीच्या अर्जाला सातबारा हवा. इंजिनाचे, विहिरीचे कर्ज भूविकास बँकेचे, आणि ते जमीन गहाण ठेवून. पुढे सत्तरच्या दशकात शेतीपंपाला मीटरऐवजी अश्वशक्तीवर ठोक दर आले. जितके पाणी उपसाल तितके स्वस्त. प्रत्येक धोरण आपापल्या जागी शेतकऱ्याच्या भल्याचे दिसते. आमच्या घरापाशी आले की प्रत्येक धोरण एकच प्रश्न विचारते, जमीन कुठे आहे? मोटेच्या काळात पाण्याला निदान आमचे हात तरी लागत होते, त्या हातांचे सूपभर जोंधळे तरी येत होते. मोटारीने हात मोकळे केले आणि सूपही मोकळे केले.

कातड्याच्या धंद्याचे तरी काय झाले? क्रोमने कातडे कमावण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मद्रासेत आली होती. गंमत अशी की तिथल्या आल्फ्रेड चॅटर्टन या अधिकाऱ्याने ती आणली त्यात विहिरीच्या मोटा अधिक टिकाव्यात हाही हेतू होता. मोटा टिकल्या नाहीत, कारखाने टिकले. १९७३ साली केंद्राने कच्च्या कातड्याची निर्यात बंद केली. देशात माल तयार व्हावा, रोजगार वाढावा हे धोरण. रोजगार वाढला तो मद्रास-कानपूरच्या कारखान्यांत. आमच्याकडे आठवडी बाजारात कातडे गोळा करणारा व्यापारी तेवढा उरला. १९७४ साली राज्याने चर्मोद्योग महामंडळ काढले. माझे वडील तोवर गंगाखेडच्या बसस्थानकाबाहेर चपला शिवायला बसू लागले होते. त्यांच्यासमोरून प्लास्टिकच्या चपला आल्या, ज्या तुटल्या तर शिवता येत नाहीत, फेकाव्या लागतात.

१९७६ हे साल मला नेहमी विचारात पाडते. त्या साली अस्पृश्यता कायद्यात दुरुस्ती होऊन तो नागरी हक्क संरक्षण कायदा झाला आणि त्यात कलम ७-अ आले: अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला मेलेले जनावर ओढायला किंवा सोलायला भाग पाडणे हा गुन्हा. वडिलांना मी हे कलम वाचून दाखवले तेव्हा ते हसले. "आरं, भाग कोन पाडतंय? दुसरं काम कोन देतंय?" त्याच १९७६ साली महाराष्ट्राने पशुसंरक्षण कायदाही केला, गायीच्या कत्तलीवर बंदी घालणारा. मार्च २०१५ पासून तो बैल-वळूपर्यंत वाढला. २०१६ च्या जुलैत गुजरातेतल्या उना इथे मेलेली गाय सोलणाऱ्या आपल्या माणसांना मारले गेले. म्हणजे सोलले नाही तर गाव उपाशी ठेवते, सोलले तर रस्त्यात मारते. उनानंतर तिथल्या दलितांनी जनावरे उचलण्याचे नाकारले. ते वाचताना मला आज्याला वाटेत अडवणारा म्हातारा आठवला.

जमिनीकडे परत येतो. मराठवाड्यात भूमिहीनांनी गायराने कसायला घेतली त्यामागे दादासाहेब गायकवाडांचा १९५९ आणि १९६४ चा लढा आहे. १९९१ साली सरकारने १४ एप्रिल १९९० पूर्वीची दलितांची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय काढला. तारीख जयंतीची निवडली. अंमल करायला मात्र तलाठ्याच्या दप्तरातल्या नोंदी लागत होत्या, आणि ज्याने कसायला घेतले त्याची नोंद न होणे हाच तर रिवाज. २००४ साली दादासाहेबांच्याच नावाने भूमिहीनांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत देण्याची योजना आली. जमीन विकत घेऊन द्यायची. पण ठरलेल्या दरात विकणारा पुढे आला पाहिजे, आणि पुढे येतो तो बहुधा मुरमाड तुकडा घेऊन. बाबासाहेबांच्या नावाची कृषी स्वावलंबन योजना आहे, तीत अनुसूचित जातीच्या शेतकऱ्याला विहिरीसाठी सुरुवातीला अडीच लाखांचे अनुदान ठरले होते. मात्र नावावर किमान ०.४० हेक्टर हवे. सौरपंपाची योजना आहे. इतरांनी दहा टक्के भरायचे तिथे आपण पाच टक्के. किती अश्वशक्तीचा पंप मिळेल ते एकरावर ठरते. आमच्या विद्यार्थ्यांना मी ही पाच टक्क्यांची सवलत सांगतो तेव्हा ते आनंदाने वहीत लिहून घेतात. मग विचारतो, तुमच्यापैकी किती जणांच्या घरी सातबारा आहे? लिहिणे थांबते.

माझ्या चुलत्याकडे गायरानातला दोन एकरांचा तुकडा आहे, ऐंशीच्या दशकापासून. त्याने दगड वेचले, बांध घातला. तूर, ज्वारी घेतो. २०२१ साली ई-पीक पाहणी सुरू झाली, म्हणजे शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवर पिकाची नोंद करायची. तलाठ्याच्या हातापाया पडायची गरज संपली, म्हणून मी उत्साहाने त्याच्या शेतात फोन घेऊन गेलो. त्याने सांगितलेल्या गट क्रमांकावर खातेदार म्हणून सरकार निघाले. चुलता शेजारीच तुरीत उभा होता. फोनला तूर दिसत होती, तो दिसत नव्हता. २०२२ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानांवरची अतिक्रमणे काढण्याची हालचाल सुरू झाली तेव्हा मात्र सरकारला त्याचे नाव-गाव बरोबर सापडले. नोटिशीत काना-मात्रेचीही चूक नव्हती.

त्याच्या तुकड्याच्या मधून शेतीपंपांना जाणारी विजेची तार आहे. खांब त्याच्याच तुरीत रोवलेला आहे. खांबाभोवतीची हातभर जागा तो दरवर्षी खुरप्याने साफ करतो, तारेवर वेल चढू नये म्हणून. पाणी प्यायला तो घरून घागर नेतो.