मुद्दल न मोडण्याची अट

आजचं भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन, आणि सांची व भारहूतच्या स्तूपांसाठी दान देणाऱ्यांत भोगवर्धनकरांची नावं कोरलेली आहेत. त्या दानाचा व्यवहार सोपा होता. दगड एकदा बसवला की दात्याची जबाबदारी संपली. दर वर्षी नव्याने खर्च मागणारं दान मात्र वेगळ्या बांधणीचं लागतं, आणि ती बांधणी नाशिकच्या पांडवलेण्यांत सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी कोरून ठेवलेली आहे. मृतदेह गोठवून जपणाऱ्या आजच्या अमेरिकी संस्थांना नेमकी तीच शिस्त लागते आणि ती नसली की त्या बुडतात, असं माझं म्हणणं आहे.

क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने तिथल्या दहाव्या लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, 3000 कार्षापण नाणी ठेवली: एकीकडे 2000, दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे 1000, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीतून वर्षावासातल्या, म्हणजे पावसाळ्यात तिथे मुक्काम करणाऱ्या, वीस भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे होते. आता हिशेब करून पाहावा. 2000 वर महिन्याला 20, वर्षाला 240. वीस गुणिले बारा, तेही 240. म्हणजे आधी खर्च ठरवला आणि मग तो भागेल एवढं मुद्दल ठेवलं. शिवाय हे सगळं निगमसभेत ऐकवून फलकावर नोंदवलं. औदार्य आणि हिशेब इतके एकजीव झालेले क्वचितच दिसतात.

याच्या उलट उदाहरण कॅलिफोर्नियातल्या चॅट्सवर्थच्या दफनभूमीचं. जेम्स बेडफर्ड हा गोठवलेला पहिला माणूस, 1967 सालचा. त्यानंतर चॅट्सवर्थमध्ये एका क्रायोनिक्स, म्हणजे देह गोठवून जपणाऱ्या, संस्थेने नातेवाइकांच्या चालू वर्गणीवर भिस्त ठेवून देह सांभाळायला घेतले. पैसे येईनासे झाले आणि नऊ देह वितळले; 1979 साली हे उघडकीला आलं. द्रव नायट्रोजन उणे 196 अंशांवर उकळतो आणि सतत उडून जातो, तो भरत राहावाच लागतो. भिक्षू एखाद्या वर्षी जुन्या चीवरावर भागवू शकला असता, इथे एकही हप्ता चुकवून चालत नाही. 1976 साली मिशिगनमध्ये स्थापन झालेल्या क्रायोनिक्स इन्स्टिट्यूटने म्हणूनच ठोक रक्कम आधी घेण्याची पद्धत धरली. ती बहुधा सभासदाच्या आयुर्विम्यातून येते.

यावर रास्त आक्षेप असा की विणकरांच्या त्या श्रेणी तरी आज कुठे आहेत? लेख उरला, ठेव गेली. हे खरं आहे, आणि कोणतीही रक्कम अक्षय नसते हे मान्यच करायला हवं. पण त्याच डोंगरावरचा आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळचा लेख पाहिला तर आजारी भिक्षूंच्या औषधासाठीची ठेव कुंभार, तेली अशा निरनिराळ्या श्रेणींत वाटलेली दिसते. एक धंदा बसला तरी दुसरा चालेल, एवढी सोय तेव्हाच सुचली होती. दुसरा आक्षेप असा की हे देह कधी जागे होतील याचा पुरावा नाही, मग हिशेबाची एवढी चिंता कशाला? पुरावा नाही हे मीही मानतो. पण सभासदाला वचन दिलं आहे ते देह जपण्याचं, आणि वचन मोडलं तर तक्रार करायला तो हजर नसणार. म्हणून तर त्याच्या पैशाची राखण जास्त कडक हवी.

खरी अडचण जिवंत सभासदांची आहे. त्यांना वर्गणी कमी हवी असते आणि चालू वर्षाची तूट दिसली की शेजारच्या मोठ्या निधीकडे नजर जाते. महागाईही मुद्दल आतून पोखरते. अनेक वर्षांपूर्वीच्या दराने करार केलेल्यांची रक्कम नव्या खर्चाला अपुरी पडते. 1997 साली ॲरिझोनातल्या अल्कोर संस्थेने गोठवलेल्यांचा निधी रोजच्या कारभारापासून तोडून वेगळ्या ट्रस्टकडे सोपवला. वर्गणी किती ठेवायची हा वाद सभासदांनी खुशाल घालावा, पण त्यासाठी या निधीला हात लागू नये, अशी ती तजवीज आहे.