नाकात थिजणारं औषध : प्रस्तावना

तूप थंडीत थिजतं, उन्हात पातळ होतं. या पुस्तकातला मुख्य पदार्थ नेमका उलटा वागतो. पोलोक्झॅमर 407 ची पांढरी भुकटी बर्फगार पाण्यात भुरभुरा आणि बाटली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी 18-20 टक्क्यांचं ते द्रावण पाण्यासारखं नितळ दिसतं. मग त्यातलं थोडं परीक्षानळीत घेऊन वॉटर बाथमध्ये एकेक अंश तापवत जा आणि दर अंशाला नळी आडवी करून पाहा. एका अंशाला द्रव जागचा हलत नाही. गार केला की पुन्हा वाहू लागतो. पहिल्यांदा हे पाहणारी मुलं नळी चार-चार वेळा उलटीसुलटी करतात. त्यांना करू द्यावी. विषयाची गोडी तिथेच लागते.

नाकाला याचा उपयोग असा. नाकाच्या अस्तरावरचे सूक्ष्म रोम शेंबूड सतत घशाकडे ढकलत असतात, त्यामुळे घातलेला थेंब 15-20 मिनिटांत बराचसा वाहून जातो. नाकातलं तापमान असतं 32 ते 34 अंश. त्या उबेने थिजणारं औषध थेंब होऊन आत जातं आणि जेल होऊन अस्तराला धरून राहतं. तिथून ते थेट रक्तात उतरतं. आधी यकृतात गाळलं जात नाही. अर्धशिशीत गोळी पोटात ठरत नाही, अशा रुग्णाला हा मार्ग सोयीचा. मात्र एका नाकपुडीत जेमतेम 0.1 ते 0.15 मिलिलिटर मावतं, म्हणून अल्प मात्रेत काम करणारीच औषधं इथे चालतात. आकडी आलेल्या मुलासाठी मिडाझोलमचा नाकातला स्प्रे आपल्याकडे वापरात आहेच. तिथे वेग हवा, जेलची गरज नाही. नाकावाटे औषध ही कल्पना आपल्याला परकी नाही. नस्य हे पंचकर्मांपैकी एक.

हे पुस्तक लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर शहापूर-मुरबाडची मुलं होती. आसनगावला फार्मसीचं कॉलेज आहे, आणि तिथून डोळखांब किंवा टोकावड्याकडे निघालं की या शास्त्राची खरी अडचण समोर येते. मे महिन्यात पत्र्याच्या घरात पारा चाळिशीला टेकतो. म्हणजे खोली नाकापेक्षा गरम! जे नाकात थिजायचं, ते बाटलीतच थिजणार. पोलोक्झॅमर 188 मिसळून थिजण्याचा अंश वर नेता येतो, पण तो चाळीसच्या वर नेला तर औषध नाकात थिजणारच नाही. या पेचातून नुसतं प्रमाण बदलून सुटका नाही. एसी चालू असलेल्या प्रयोगशाळेत तो जाणवतही नाही. या विषयावर शोधनिबंध भरपूर आणि बाजारात आलेली औषधं मोजकी. या अडचणीचा त्यात वाटा आहे, असं माझं मत आहे.

म्हणून जेलन गमवरचं प्रकरण मी मुद्दाम मोठं केलं आहे. ते उष्णतेने नाही, नाकातल्या क्षारांनी घट्ट होतं. ओलाव्याने फुगणाऱ्या कोरड्या भुकट्याही वाचा. आणि एक प्रयोग तुम्हीच करण्यासारखा आहे : बंद बाटली माठातल्या पाण्यात ठेवली तर दुपारी दोनला आतलं औषध पातळ राहतं का? मे महिन्यात मोजा, आणि पाणी तितकं गार होत नाही त्या दमट श्रावणातही मोजा. प्रयोगवहीत थिजण्याच्या अंशाशेजारी खोलीचं तापमान आणि महिना लिहायला विसरू नका.