चंक्रमण : विनयातील देहविचार

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. येथील हरिषेण राजाचा अमात्य वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे भिक्षुसंघास दान दिले. अशा विहारांतील साधना म्हणजे निश्चल बैठकच, ही समजूत आम्हांस अपुरी वाटते.

चूळवग्गात जीवक वैद्याची कथा आहे. वैशालीत सुग्रास भोजनाने भिक्षूंची शरीरे जड व रोगट झालेली पाहून त्याने तथागतांकडे चंक्रमण आणि उष्ण स्नानगृह यांची अनुज्ञा मागितली, ती मिळाली. चंक्रमण म्हणजे आखलेल्या जागेवर सजगपणे येरझारा घालणे. अंगुत्तर निकायात त्याचे ५ लाभ येतात : प्रवासक्षमता, प्रयत्नक्षमता, आरोग्य, अन्नपचन आणि दीर्घकाळ टिकणारी समाधी. पाचांपैकी चार देहाचे आहेत, हे विसरू नये.

अतिरेकही झाला. महावग्गातील सोण सुखात वाढलेला, कोमल तळव्यांचा; त्याच्या चालण्याने चंक्रमणभूमी रक्ताने माखली. तथागतांनी त्याला त्याच्याच वीणेची आठवण दिली : तार अति ताणलेली नको, सैलही नको.

दिवसभर वाकून सोयाबीन सोंगलेले आमचे उपासक संध्याकाळी वंदनेस येतात, तेव्हा त्यांना पुन्हा मांडी घालूनच बसविले जाते. विहाराच्या अंगणात वीस पावलांची जागा मोकळी ठेवणे कठीण नाही.