आग्र्याच्या तुरुंगातून चोखी ढाणीला

जयपूरच्या जगतपुऱ्यातल्या मराठी घरी पुण्याकडचे पाहुणे आले की आमेर, हवामहल, जंतरमंतर उरकतं आणि संध्याकाळी गाडी टोंक रस्त्याला लागते. सीतापुरा ओलांडलं की चोखी ढाणी. ढाणी म्हणजे शेतातली चार घरांची वस्ती. ही वस्ती मात्र १९८९ सालची आणि तिकिटाची. दारात कपाळाला टिळा लावतात. आत उंट, कठपुतळ्या, कालबेलिया नाच आणि शेवटी पत्रावळीवर दाल-बाटी-चूरमा. वाढपी ‘मनुहार’ करतात, म्हणजे तुम्ही हात आडवा धरला तरी तुपाची वाटी कलंडतेच.

आमच्या एका पाहुण्याने मागे विचारलं, “यात थीम पार्क कसलं? एक धड पाळणा नाही.” प्रश्न रास्त होता. चोखी ढाणी उघडली त्याच १९८९ साली मुंबईत गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झालं आणि आपल्या पिढीच्या डोक्यात थीम पार्क म्हणजे पोटात गोळा आणणारी यंत्रं, हे पक्कं बसलं. पण पाळणा आणि खेडं ही एकाच गल्लीतली भावंडं आहेत. १८९३च्या शिकागो प्रदर्शनात फेरिस साहेबाचं २६४ फुटी चक्र ज्या रस्त्यावर फिरत होतं, त्याच रस्त्यावर तिकीट काढून बघायचा ‘कैरोचा रस्ता’ही होता. पुढे यंत्रवाल्यांनी नाव कमावलं आणि खेडेवाले मागे पडले, एवढंच.

मला ओढ आहे ती खेड्याच्या शाखेची, त्यातही कुंभाराच्या कोपऱ्याची. तिथे माणसं का थांबतात ते जवळून बघण्यासारखं आहे. एखाद्या बाई मनगटावरचं घड्याळ काढून नवऱ्याकडे देतात, पदर खोचतात, चाकासमोर उकिडव्या बसतात. कुंभार त्यांचे हात पाण्यात बुडवून मातीच्या गोळ्यावर ठेवतो आणि वरून आपले हात ठेवतो. पणती तोच करतो, पण फोटोत ती बाईंची असते. मग दोऱ्याने पणती खालून कापून हातावर ठेवतो. उंटावर बसून आलेली मुलंसुद्धा इथे गप्प उभी राहतात. काम करणारा कारागीर हीच करमणूक, ही कल्पना मुळात कोणाला सुचली? याचा माग काढता काढता मी आग्र्याच्या मध्यवर्ती तुरुंगात पोहोचलो.

४ मे १८८६ रोजी लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन भागात वसाहतींचं आणि हिंदुस्थानचं मोठं प्रदर्शन उघडलं. सहा महिन्यांत पंचावन्न लाखांच्या आसपास माणसं येऊन गेली. त्यात ‘हिंदी राजवाडा’ उभारला होता. त्याचं प्रवेशद्वार म्हणजे ग्वाल्हेरचा दगडी दरवाजा. मेजर कीथने शिंद्यांच्या संस्थानातल्या पाथरवटांकडून तो घडवून घेतला होता आणि आज तो व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. राजपुतान्याच्या दालनापुढे जयपूरचा दरवाजा होता: सागवानी, शेखावाटीच्या सुतारांनी कोरलेला, वर चक्क नगारखाना. आराखडा स्विंटन जेकब आणि डॉक्टर हेंडली यांचा. जयपूरचा अल्बर्ट हॉल आपण बघतो तो याच जेकबचा, आणि त्यातला संग्रह उभा केला हेंडलीने. दरवाजावर ‘यतो धर्मस्ततो जयः’ हे वचन संस्कृत, लॅटिन आणि इंग्रजीत कोरलेलं आहे. प्रदर्शन संपल्यावर तो बरीच वर्षं लंडनमध्येच राहिला. १९२६पासून तो होव्ह गावच्या संग्रहालयाबाहेर हिरवळीवर आहे.

राजवाड्याच्या चौकात कारागीर बसवले होते. गालिचे विणणारे, सोनार, हलवाई आणि बक्षीराम नावाचा कुंभार, वय सांगितलेलं १०२. राणी व्हिक्टोरियाने स्वोबोडा या चित्रकाराकडून त्याचं चित्र काढून घेतलं. ते ऑसबोर्नच्या तिच्या वाड्यात आहे. पाहणाऱ्यांपुढे ही मंडळी पिढीजात कारागीर म्हणून मांडली गेली. खरी गोष्ट अशी की त्यातले बहुतेक आग्र्याच्या तुरुंगातले कैदी होते. कसब तुरुंगात शिकवलेलं. घेऊन आला होता तुरुंगाचा अधीक्षक डॉक्टर टायलर. राणीचा पुढे गाजलेला मुनशी अब्दुल करीमही याच टायलरच्या ओळखीने १८८७ साली तिच्या नोकरीत लागला.

कैदीच का? त्या काळात तुरुंग म्हणजे कारखाने होते. आपल्या येरवड्याचे गालिचेही नावाजलेले. पण मला दुसरं कारण जास्त पटतं. आदल्याच हिवाळ्यात लिबर्टी या लंडनच्या दुकानाने बॅटरसी पार्कात हिंदी खेडं वसवलं होतं. थंडीत कारागिरांचे हाल झाले, तक्रारी झाल्या, खेळ फसला. समुद्र ओलांडला की जात जाते अशी समजूत असण्याच्या काळात, वर असली बातमी मागे असताना, स्वखुशीने कोण येणार? कैद्याला विचारायचं कारण नव्हतं. हा माझा अंदाज, पण मी तो सोडणार नाही.

आता या कल्पनेवर हक्क सांगणारे प्रतिस्पर्धी. संग्रहालयवाले लोक स्टॉकहोमचं स्कान्सेन पुढे करतात: आर्टुर हाझेलियसने १८९१ साली जुनी घरं उचलून आणून त्यांत पारंपरिक पोशाखातली माणसं ठेवली. एक तर ते पाच वर्षं उशिरा. दुसरं म्हणजे १८७८च्या पॅरिस प्रदर्शनात याच हाझेलियसने खेड्यातले प्रसंग मांडले ते पुतळ्यांचे. आपल्याकडे कोल्हापूरजवळ कणेरी मठावर बारा बलुतेदारांचं गाव आहे ना, तसे. जिवंत माणूस त्याला नंतर सुचला. शिवाय त्याची घरं अस्सल होती. लंडनचा राजवाडा आणि चोखी ढाणीच्या झोपड्या दोन्ही नव्याने बांधलेल्या, बघण्यासाठीच.

दुसरा दावेदार आग्र्याचाच निघतो, तो मीना बाजार. अकबराच्या खुशरोज या उत्सवाला सरदारांच्या बायका दुकानदार व्हायच्या. सोंग होतं, बाजार होता, पण डोळ्यांसमोर काही घडत नव्हतं. आणि पुणेकर म्हणतील दिवाळीचा किल्ला, गणपतीतले जिवंत देखावे. किल्ल्यात विहीर असते, गवळण असते, कुंभारही असतो, हे कबूल. पण तो मातीचा. आणि देखाव्यातल्या शिवाजी महाराजांना कोणी आपले हात धरायला लावत नाही. दोन्ही बाद.

खरी अडचण वेगळी आहे. लंडनचा खेळ हिंदुस्थानात परतला कसा? १८८६ आणि १९८९ यांच्यात एकशेतीन वर्षांचं भगदाड आहे. पलीकडचा काठ सोपा आहे. दिल्लीत प्रगती मैदानावर ‘एशिया ७२’ हा व्यापारमेळा भरला तेव्हा निरनिराळ्या प्रांतांतल्या झोपड्यांचं एक खेडं तात्पुरतं उभारलं होतं. मेळा संपला, खेडं मोडायचं राहिलं, आणि त्याभोवती आजचं हस्तशिल्प संग्रहालय वाढलं. मग सूरजकुंडची जत्रा १९८७ची, उदयपूरचं शिल्पग्राम १९८९चं. चोखी ढाणी त्या लाटेवरची, फक्त तिच्यामागे सरकारी पैसा नव्हता. म्हणून जेवण महत्त्वाचं झालं. सरकारी कलाग्रामात जेवण ही जोडीची गोष्ट, इथे ताटासाठीच लोक आत जातात.

अलीकडचा काठ कुठे टेकवायचा? मी तो जळगाव जिल्ह्यात टेकवतो. डिसेंबर १९३६मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष नेहरू. राबायला धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजी. सजावट नंदलाल बोस यांची, सारी बांबूची आणि गावात मिळेल त्या वस्तूंची. सोबत खादी आणि ग्रामोद्योगांचं प्रदर्शन, उद्घाटन गांधीजींचं. प्रदर्शन डोळे दिपवण्यासाठी नाही, शिकवण्यासाठी असावं हा त्यांचा आग्रह. म्हणजे मांडणी तीच: प्रदर्शनासाठी नव्याने उभारलेलं गाव आणि त्यात गावच्या हातांचं काम. साम्राज्याने कैदी बसवून हिंदुस्थान किती मागे, जुना आणि गोंडस आहे हे दाखवलं. फैजपूरने तोच साचा उलटा फिरवून त्या हातांना मान दिला. साचा मात्र टिकला.

इतिहासाचे जाणकार म्हणतील की गांधीजींची प्रदर्शनं स्वदेशी चळवळीतून आली, लंडनहून नाही. बरोबर आहे. पण काँग्रेसच्या अधिवेशनाला प्रदर्शन जोडायची प्रथा १९०१च्या कलकत्त्यापासूनची. प्रदर्शन नावाची गोष्ट कशी भरवायची हे तेव्हाच्या पुढाऱ्यांनी साहेबाकडेच पाहिलेलं. खुद्द जयपुरात हेंडलीने १८८३ साली मोठं प्रदर्शन भरवलं होतं. आणि १८८६च्या लंडनमध्ये हिंदी मालाच्या मांडणीसाठी त्रैलोक्यनाथ मुखर्जी हे बंगाली गृहस्थ गेले होते. लोक वस्तूंइतकेच आपल्यालाही न्याहाळतात, हे त्यांनी परत येऊन प्रवासवर्णनात लिहिलं. न्याहाळणाऱ्या बाजूला कसं उभं राहायचं ते मग आपणही शिकलो.

जगतपुऱ्यात मध्यंतरी शेतं गेली, विकास प्राधिकरणाच्या वसाहती आल्या, महाल रोडच्या दोन्ही अंगांना इमले उठले. इथल्या सोसायट्यांतली मुलं चाक बघायला तिकीट काढतात, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. लंडनच्या चौकातल्या कुंभाराला घरी जायचं स्वातंत्र्य नव्हतं. ढाणीवरचा रात्री चाक झाकून मोटारसायकलवर घरी जातो. ‘ही खोटी खेडी’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना कणेरीचं गाव आवडतं, तिथले पुतळे कसे हुबेहूब म्हणतात. हुबेहूबच आहेत. पण त्यांच्या चाकाला हात लावता येत नाही, आणि पाळण्याबद्दल विचारणाऱ्या आमच्या पाहुण्याने त्या रात्री पणती दोनदा करून घेतली होती, पहिली वाकडी झाली म्हणून.