वालधुनीकाठचे उपवास

वालधुनी नदीकाठचे अंबरनाथ व उल्हासनगर आणि शेजारचे बदलापूर या सलग पट्ट्यात उपवासाच्या दोन परंपरा शेजारी नांदतात. एक महाशिवरात्रीची, अंबरनाथच्या प्राचीन शिवालयाभोवती वाढलेली. दुसरी सिंधी कुटुंबांच्या चालिहो व्रताची, फाळणीबरोबर आलेली. पहिली एका दिवसात आटोपते, दुसरी चाळीस दिवस चालते. दोहोंना उपवासच म्हणत असले तरी शरीराच्या दृष्टीने या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

अंबरनाथचे शिवालय शके 982, म्हणजे इ.स. 1060 मधले. शिलाहार राजा मामवाणीच्या काळातला शिलालेख तिथे मिळाल्यामुळे हा काळ पक्का ठरतो. गाभारा सभामंडपाच्या पातळीपेक्षा बराच खाली आहे. पायऱ्या उतरून पिंडीपाशी जावे लागते. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते, आणि बदलापूरजवळच्या कोंडेश्वरलाही त्या दिवशी भाविक जातात.

या दिवशी घरोघरी जे फराळाचे ताट वाढले जाते, ते मात्र देवळाइतके जुने नाही. साबुदाणा ज्या टॅपिओकाच्या कंदापासून करतात तो, शिवाय बटाटा, रताळे, शेंगदाणा आणि हिरवी मिरची, हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज भारतात आले ते देवळाला साडेचारशे वर्षे होत आली तेव्हा, आणि ही पिके त्यानंतरची. तमिळनाडूतल्या सेलमचा साबुदाण्याचा धंदा तर 1940च्या दशकात उभा राहिला. शिलाहारांच्या प्रजेला उपवासाला चालण्याजोगे मिळत होते ते वरी, शिंगाडा, सुरणासारखे कंद, फळे आणि दूध. कांदा-लसूण वर्ज्य मानणाऱ्या सोवळ्या ताटाने परदेशी बटाटा इतक्या सहज आपलासा केला, याचे नवल वाटते. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीची एक वाटी पोटात गेली की यकृतातला ग्लायकोजेनचा साठा पुन्हा भरू लागतो आणि चरबी जाळण्याची वेळ लांबते. निर्जळी करणाऱ्याचे आणि फराळ करणाऱ्याचे शरीर त्या रात्री एकाच अवस्थेत नसते.

उल्हासनगरची कहाणी वेगळी. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराने बराकी बांधल्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथे ठेवले गेले आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली. पत्ता सांगताना लोक अजून ‘कॅम्प नंबर पाच’ असेच म्हणतात. याच कॅम्प पाचमध्ये चालिया मंदिर आहे. तिथली अखंड ज्योत सिंधमधून आणलेली आहे, अशी श्रद्धा आहे. ठठ्ठ्याचा सत्ताधीश मिर्खशाह याने धर्मांतराचा हुकूम काढला तेव्हा सिंधी लोकांनी सिंधूच्या काठी चाळीस दिवस वरुणदेवाची आराधना केली आणि नसरपूरला झुलेलाल अवतरले, ही या व्रतामागची कथा. व्रत साधारणपणे 16 जुलैपासून ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यापर्यंत चालते. व्रतस्थ मांस-मासे, कांदा-लसूण टाळतात; काही जण तळण आणि चपलाही सोडतात, जमिनीवर झोपतात. पाण्याला तांदूळ-साखरेचा अखो वाहतात आणि शेवटी मडकी डोक्यावर घेऊन मिरवणूक निघते. अन्न बंद नसते. ते साधे होते, आणि बऱ्याच घरांत जेवणाच्या वेळा कमी होतात.

कमी खाणे, एखादा दिवस न खाणे आणि ठरावीक वेळेतच खाणे, हे सगळे प्रकार प्रयोगशाळेत उंदरांवर सुटे करून तपासले गेले. 1935 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅकके यांनी उंदरांना कमी उष्मांकाचा पण पोषणमूल्ये पुरेपूर असलेला आहार दिला. त्यांची वाढ खुंटली, पण आयुष्य वाढले. 1946 मध्ये शिकागोच्या कार्लसन आणि होल्झेल यांनी उंदरांना ठरावीक दिवसांआड उपाशी ठेवले. तीन दिवसांतून एक दिवस उपाशी राहणारे उंदीर इतरांपेक्षा जास्त जगले.

2003 मध्ये अमेरिकेत लहान जातीच्या उंदरांवर, म्हणजे चिचुंद्रीहूनही हलक्या प्राण्यांवर, झालेल्या प्रयोगाचा निकाल मराठी माणसाला ऐकताच ओळखीचा वाटेल. दिवसाआड उपाशी राहणारे उंदीर खायच्या दिवशी जवळजवळ दुप्पट खात. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण त्यांना तंतोतंत लागू पडली. वजन फारसे घटले नाही, तरी रक्तातली साखर आणि इन्सुलिन मात्र कमी झाले. म्हणजे शरीराचा चयापचय बदलायला वजन उतरलेच पाहिजे असे नाही.

उंदराचा एक दिवस मात्र माणसाच्या एका दिवसाइतका नसतो. पंचवीस ग्रॅमच्या उंदराचा चयापचय फार वेगवान. चोवीस तास अन्न काढून घेतले तर त्याचे दहा टक्क्यांहून अधिक वजन जाते, आणि त्यात चरबीबरोबर स्नायू व पाणीही असते. खोली थंड असेल तर ऊर्जा वाचवायला तो शरीराचे तापमानच खाली आणतो. माणूस एका दिवसाच्या उपवासात एक-दोन टक्केच गमावतो, तेही बरेचसे पाणी.

सॅन दिएगोच्या साल्क संस्थेत सच्चिदानंद पांडा यांच्या गटाने 2012 मध्ये वेळेचाच प्रश्न हाती घेतला. उंदरांच्या दोन गटांना तेच चरबीयुक्त खाद्य मिळाले आणि दोघांच्या पोटात सारखेच उष्मांक गेले. फक्त एका गटाला ते रात्रीच्या आठ तासांतच मिळे. त्या गटाची चरबी कमी वाढली, यकृतही निरोगी राहिले. उंदीर निशाचर, म्हणून त्याच्यासाठी रात्र ही जेवणाची वेळ. माणसाच्या बाबतीत जेवणाची हीच वेळ दिवसाकडे सरकते.